ग्रेडेड कार्डं: पावसाळ्यात ठेवायची कशी, भिंतीवर लावायची कशी

डोंबिवलीहून तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: तुमच्याकडे ६० ग्रेडेड कार्डं आहेत, म्हणजे कंपनीने तपासून, दर्जा ठरवून ‘स्लॅब’ या कडक पारदर्शक प्लास्टिकच्या खोक्यात बंद केलेली. चाळीसेक पोकेमॉनची, बाकीची क्रिकेटची, आणि त्यातल्या चारांवर खेळाडूंच्या सह्या. हॉलमध्ये खिडकीसमोरच्या भिंतीवर सगळी एकत्र, एलईडी पट्ट्या लावून मांडायची आहेत. पण गेल्या पावसाळ्यानंतर एक होलो, म्हणजे चमकीचं, कार्ड स्लॅबच्या आतच वाकलेलं दिसलं आणि तुम्ही धास्तावलात. स्लॅब सील असतो, मग आत ओल शिरली कुठून? ओल शोषणारं सिलिका जेल किती घालायचं? की सगळं उचलून बँकेच्या लॉकरात ठेवावं?

मी ठाण्यात २२ वर्षं फ्रेमिंगचं काम करते. चित्रं, जुने फोटो, पदकं, सह्या केलेल्या बॅटी, आणि गेली काही वर्षं कार्डंही. माझ्या स्वतःच्या संग्रहात शंभरावर स्लॅब आहेत. शाळेत असताना बबलगमबरोबर मिळालेली क्रिकेटची कार्डं मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली होती. एका पावसाळ्यात ती एकमेकांना अशी चिकटली की डब्यातून वीट निघाली. वरचं कार्ड सोडवायला गेले तर खालच्याचा चेहरा त्याच्या पाठीला लागून आला. त्यामुळे तुमची धास्ती मला कळते.

तुम्ही एकाच भिंतीकडून दोन कामं मागताय: कार्डं रोज डोळ्यांपुढे असावीत आणि ती वर्षानुवर्षं टिकावीत. ही दोन कामं वेगळी करा. थोडी कार्डं बाहेर, बाकीची अंधारात, आणि ठरावीक काळाने अदलाबदल. एवढं मान्य केलंत की जेल, लॉकर, भिंत या सगळ्यांची उत्तरं सोपी होतात.

आधी स्लॅबबद्दल. पीएसए ही कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. कार्ड अस्सल आहे का, कुणी कडा कापून किंवा घासून त्याला नवं रूप दिलंय का, आणि त्याची स्थिती कशी आहे, हे विकणारा आणि घेणारा सोडून तिसऱ्याने ठरवावं असा तिचा उद्देश होता. बेकेट, एसजीसी, सीजीसी यांचंही काम तेच. स्लॅबचे दोन भाग अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने जोडतात, म्हणजे तो फोडल्याशिवाय आतलं कार्ड बदलता येत नाही. तो जोड चोरट्या हातांना अडवायला आहे. पाण्याची वाफ त्यातून सावकाश आत-बाहेर होतच राहते. माझा अनुभव असा की एका दिवसाचा चढउतार स्लॅबच्या आत फारसा पोचत नाही, पण आख्खा ऋतू पोचतो. जून ते सप्टेंबर चार महिने बाहेर ८०-९० टक्के आर्द्रता असेल तर ऑगस्टपर्यंत आतल्या पुठ्ठ्यालाही ते कळलेलं असतं.

आता होलोच का वाकलं? साधं कार्ड म्हणजे पुठ्ठा आणि दोन्ही अंगांना शाई व कोटिंग. ओल लागली तर ते दोन्हीकडून साधारण सारखंच फुगतं. होलोच्या एका अंगाला चमकीचा पातळ थर असतो. तो पाणी पीत नाही, त्यामुळे फुगतही नाही, आणि मागचा पुठ्ठा फुगतो. एक बाजू वाढली, दुसरी तेवढीच राहिली, की कार्ड धनुष्यासारखं होतं. हवा फार कोरडी झाली तर हेच उलट्या दिशेने घडतं. म्हणून ‘जितकं कोरडं तितकं चांगलं’ हा समज काढून टाका. कार्डांना ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, आणि ती महिनोन्महिने तशीच राहिलेली मानवते. ६५-७० च्या वर दीर्घकाळ राहिलं की बुरशीला वाव मिळतो.

यात बरंचसं तुमच्या जागेवर अवलंबून आहे. तुमच्याकडे शत्रू ओल आहे. नागपूरला मे महिन्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत, पण ज्या खोलीत कूलर चालतो तिथे भिजलेल्या वाळ्याची ओली हवा, आणि कूलर बंद केला की पुन्हा कोरडं. तिथल्या माणसाला मी जेलच्या आधी संग्रह कूलरच्या खोलीतून हलवायला सांगते. न्यू जर्सीत राहणारे माझे एक गिऱ्हाईक आहेत, त्यांच्या घरी हिवाळ्यात हीटिंगने हवा इतकी कोरडी होते की त्यांना आर्द्रता वाढवावी लागते. म्हणून दुसऱ्या गावच्या माणसाचा उपाय जसाच्या तसा उचलू नका. आपल्या खोलीत काय चाललंय ते आधी मोजा.

आर्द्रता मोजायला छोटा डिजिटल हायग्रोमीटर घ्या, तीन-चारशे रुपयांतही मिळतो. स्वस्त मीटर पाच-सात टक्के खुशाल चुकतात, म्हणून आल्या आल्या त्याची मिठाची परीक्षा घ्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्यायचं, त्यात साधं मीठ भरायचं आणि वर थेंबथेंब पाणी टाकायचं. मीठ विरघळायला नको, किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूसारखं दिसायला हवं. ते झाकण आणि मीटर झिपलॉकच्या पिशवीत शेजारी ठेवायचे. मीटरला मीठ लागू द्यायचं नाही. पिशवी बंद करून रात्रभर, शक्यतो १२ तास, हलवायची नाही. अशा मिठावरची हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सकाळी मीटर ७० दाखवत असेल तर तो ५ ने कमी दाखवतो, हे चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवा. माझ्याकडच्या सहा मीटरांना अशा चिठ्ठ्या आहेत.

मग साठवण. स्वयंपाकघराच्या दुकानात झाकणाला रबरी गॅस्केट आणि चारही बाजूंना क्लिपा असलेले पॉलिप्रॉपिलीनचे डबे मिळतात. १०-१२ लिटरचे दोन डबे तुमच्या ६० स्लॅबना पुरतील. प्रत्येक स्लॅब आधी त्याच्या मापाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत घाला. स्लॅबवर ओरखडे पडतात ते बहुतेक दुसऱ्या स्लॅबच्या कडेनेच. डब्यात ते उभे ठेवा, वाचनालयातल्या कार्ड-कॅटलॉगसारखे. आडवी चळत करू नका, खालच्यांवर नाहक भार येतो आणि मधला काढताना सगळे घासतात. एखादा डबा अर्धवट भरला असेल तर मोकळ्या जागेत पांढरा पॉलिथिलीन फोम घाला, म्हणजे स्लॅब पडणार नाहीत. उशी-गादीतला पिवळसर मऊ स्पंज नको. तो काही वर्षांत चुरा होतो आणि चिकट राळ सोडतो.

सिलिका जेलच्या बाबतीत लोक हात सैल सोडतात. हिशोब बघा. १० लिटर हवेत, पावसाळ्यातसुद्धा, पाणी असतं पाव ग्रॅमच्या आसपास. बाकीची ओल पुठ्ठ्यात असते. एक कार्ड जेमतेम दोन ग्रॅमचं, म्हणजे ३० कार्डांचा पुठ्ठा साठ ग्रॅमच्या आतबाहेर. तो ८० टक्के हवेतून ५० टक्के हवेत आणायला दोनेक ग्रॅम पाणी काढलं की झालं. त्यासाठी डब्यात अर्धा किलो जेल ओतलंत तर आर्द्रता २० च्याही खाली जाईल आणि होलो कार्डं उलट्या बाजूला वाकतील. डब्यामागे ५० ग्रॅम जेल कापडी पुरचुंडीत ठेवा, शेजारी मीटर ठेवा, आणि पहिले पंधरा दिवस रोज आकडा बघा. ४५ ला आला की जेल काढून घ्या. ५५ च्या वर गेला की पुन्हा घाला. जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओल प्यायल्यावर ते हिरवं होतं. निळं-गुलाबी होणाऱ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. घरात लहान मुलं असतील तर ते नकोच. हिरवं झालेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवलं की पुन्हा कामाला येतं. हा सगळा व्याप नको असेल तर आर्द्रता दोन्ही बाजूंनी सांभाळणाऱ्या पुड्या मिळतात. त्या जास्त ओल शोषतात आणि कमी पडली तर सोडतातही. ४९ टक्क्यांची पुडी घ्यावी.

डबे भरायची वेळ महत्त्वाची. आपल्याकडे पापड-लोणच्यांची बेगमी पावसाआधी होते, तशीच हीसुद्धा. मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी खोलीत एसी लावा, दोन-तीन तासांनी मीटर ५०-५५ दाखवू लागला की त्याच खोलीत डबे भरून क्लिपा लावा. मग ते पावसाळाभर कारणाशिवाय उघडू नका. जुलैतल्या धो धो पावसात मित्रांना दाखवायला डबा उघडला की आतली हवा लगेच ओली होते, आणि असं वारंवार झालं की मेहनत वाया जाते. संग्रह वाढला आणि खर्च करायची तयारी असेल, तर फोटोग्राफर लेन्सला बुरशी लागू नये म्हणून वापरतात ते विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या आणि ५० वर लावून ठेवा. माझे निम्मे स्लॅब त्यात आहेत. त्याला काचेचं दार असतं, त्यामुळे ते पाहतासुद्धा येतात.

डबे ठेवायची जागा: माळ्यावर नको, त्यातही शेवटच्या मजल्यावर तर मुळीच नको, उन्हाळ्यात छत तापतं. जमिनीलगतचा खण नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतरचे कितीतरी महिने माझ्याकडे येणारं प्रत्येक दुसरं काम तळाच्या खणातलं होतं. तेव्हापासून माझा नियम, काहीही मौल्यवान कमरेच्या खाली नाही. बाहेरच्या भिंतीला, जिला पावसाचा मारा बसतो आणि आत पापुद्रे सुटतात, तिला कपाट टेकवू नका. चार बोटं जागा सोडा, हवा खेळू द्या. नव्या प्लायवुडच्या कपाटात गोंदाचा वास येतोय तोवर कार्डं ठेवू नयेत, त्या वाफांत आम्ल असतं आणि कागद त्याने पिवळा पडतो. लोखंडी कपाट बरं.

आणि कपाटात डांबरगोळ्या असतील तर आजच काढा. हे मी हात जोडून सांगते, कारण आपल्याकडे कपाट म्हटलं की डांबरगोळी आलीच. नॅफ्थॅलीनची वाफ पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकला मऊ करते. एका गिऱ्हाइकाने जुनी कार्डं पारदर्शक कडक डब्यांत घालून आईच्या शालूंबरोबर ठेवली होती. दोन वर्षांनी डबे माझ्या टेबलावर आले तेव्हा वरची बाजू दुधाळ झाली होती, बोट ठेवलं की ठसा उमटत होता, आणि गोळी जिथे टेकली होती तिथे खळगा पडला होता. कार्डांना तो वास अजून आहे. कसर आणि झुरळांची भीती असेल तर त्यांना खरा अटकाव ओल कमी करण्याने आणि घट्ट डब्याने होतो.

तुमच्या वाकलेल्या कार्डाचं काय करायचं? स्लॅब फोडू नका, फोडलात की ग्रेड गेली. वर वजन ठेवू नका, हेअर ड्रायर तर लांबच ठेवा. तो स्लॅब ५० टक्क्यांच्या डब्यात दोन महिने पडू द्या. ओल जशी हळू आत गेली तशीच हळू बाहेर येते, आणि माझ्या पाहण्यातली बहुतेक कार्डं बरीचशी सरळ झाली. मध्ये तुम्हाला पृष्ठभागावर तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं दिसली तर घाबरू नका. दोन गुळगुळीत पृष्ठभाग अगदी जवळ आले की प्रकाशाने तसं दिसतं, त्यांना न्यूटनची वलयं म्हणतात, आणि कार्डाला त्याने काही होत नाही. मात्र पांढरे केसाळ ठिपके दिसले तर ती बुरशी समजा, तो स्लॅब बाकीच्यांपासून वेगळा करा आणि ग्रेडिंग कंपनीला विचारून नव्या स्लॅबमध्ये घालून घ्या.

आता भिंत. इथे मला तुमच्या मनाविरुद्ध बोलावं लागणार आहे: खिडकीसमोरची भिंत सोडा. सलूनच्या काचेवर लावलेली जुनी पोस्टरं आठवा. सगळे चेहरे निळे पडलेले असतात. छपाईतली किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते, निळी आणि काळी मागे राहते. कार्डांचंही तेच होतं, फक्त इतकं सावकाश की रोज पाहणाऱ्याला कळत नाही. आणि एकदा उडालेला रंग कोणत्याही उपायाने परत येत नाही. ओलीचं नुकसान काही वेळा भरून येतं, उजेडाचं कधीच येत नाही.

नाजूक कागदावर संग्रहालयं साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच उजेड ठेवतात. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात असतं. उजेडाचं नुकसान साठत जातं, त्यामुळे उन्हातला एक तास म्हणजे ५० लक्समधले दोन हजार तास. दिवसाला आठ तास धरले तर २५० दिवस. संध्याकाळी चारच्या सुमारास खिडकीतून एक तिरीप येऊन भिंतीवर वीस मिनिटं सरकते, तेवढीही वर्षभरात पुरे होते. यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, रोखणारं अ‍ॅक्रिलिक लावा, मी प्रत्येक कामात तेच लावते, पण ते दिसणारा उजेड आत सोडतंच, आणि रंग त्यानेही उडतात. अ‍ॅक्रिलिकमुळे वेळ वाढतो, धोका संपत नाही. एलईडीत यूव्ही जवळजवळ नसतं, म्हणून ती चालेल. पट्टी चौकटीच्या बाहेर वरच्या कडेला लावा, आत नको, आत उष्णता कोंडते. पाहुणे आले की लावा, गेले की बंद.

भिंत आतली निवडा, जिच्या पलीकडे दुसरी खोली आहे अशी. पलीकडे बाथरूम नको. स्वयंपाकघराच्या दाराच्या रेषेत नको, फोडणीचा तेलकट धूर चिकट थर बसवतो. देव्हाऱ्याजवळ नको, उदबत्ती आणि कापराची काजळी स्लॅबच्या बारीक फटींत जाऊन बसते.

मांडणी मी अशी करते: खोल चौकट, आत स्लॅबच्या जाडीपेक्षा थोड्या रुंद खाचांच्या आडव्या पट्ट्या, पुढे ३ मिलिमीटरचं यूव्ही अ‍ॅक्रिलिक, आणि ते व स्लॅब यांच्यात बोटभर अंतर. स्लॅब खाचेत नुसते उभे राहतात. त्यांना टेप, गोंद, वेल्क्रो काही लावत नाही. दमट हवेत दुहेरी टेप सुटतो, आणि तो नेमका रात्री सुटतो. चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बुटं लावा, म्हणजे भिंत आणि पाठ यांत हवा राहील. लटकवायला ड्रिल करून प्लग-स्क्रूच हवेत, चिकटवायचे हुक नकोत.

एका वेळी १२ कार्डं मांडा. दर तीन महिन्यांनी बदला. अशाने एकेका कार्डाची पाळी साधारण सव्वा वर्षाने येईल, आणि तुमची भिंत वर्षातून चारदा नवी होईल. पावसाळ्यात होलो आत ठेवा, साधी बाहेर काढा. सहीची चार मात्र कधीच उजेडात लावू नका. पेनची शाई छपाईच्या शाईपेक्षा कितीतरी लवकर उडते. माझ्याकडचं एक सहीचं क्रिकेट कार्ड मी तीन वर्षं दुकानाच्या भिंतीवर लावलं होतं, ट्यूबलाइटच्या उजेडात. ऊन तिथे पोचतच नव्हतं म्हणून मी निर्धास्त होते. ते खाली उतरवलं तेव्हा आडनावाची शेवटची दोन अक्षरं जिथे पेन हलका टेकला होता तिथे भिंगाखालीच दिसली. आता त्याजागी त्याच कार्डाची चांगली रंगीत प्रत आहे आणि मूळ कार्ड अंधारात आहे. नाजूक वस्तूंच्या बाबतीत संग्रहालयंही असं करतात, यात कमीपणा नाही.

पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं. काच पुसायचे फवारे आणि सॅनिटायझर स्लॅबवर मारू नका. अमोनिया आणि अल्कोहोलने अशा प्लास्टिकवर केसासारख्या बारीक भेगा पडू शकतात.

लॉकरचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर, तीही नाही. म्हणून अतिशय किमती दोन-चार कार्डं असतील तरच लॉकर, तोही तळघरातला नको, आणि कार्डं आत जाताना पुडीसह घट्ट डब्यातच जावीत. जागा कोणतीही असो, प्रत्येक स्लॅबचे पुढून-मागून फोटो, प्रमाणपत्र क्रमांक आणि खरेदीची पावती यांची नोंद घराबाहेरही एक ठेवा. घराचा विमा असेल तर संग्रह त्यात नावानिशी लिहिलेला आहे का ते विचारून घ्या. आणि क्रमांक दिसतील असे फोटो सगळीकडे टाकू नका, बनावट स्लॅबवर खरेच क्रमांक छापले जातात.

सुतार बोलावण्याआधी एक आठवडा द्या. मिठाची परीक्षा झालेला मीटर हॉलमधल्या आतल्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला टांगा आणि सकाळी आठ, दुपारी चार, रात्री अकरा असे तीन आकडे रोज लिहा. चारच्या आकड्याबरोबर भिंतीवर उन्हाची तिरीप कुठवर येते तिथे पेन्सिलीने खूण करा. हे आकडे आणि खुणेचा फोटो पाठवा, म्हणजे चौकट किती खोल करायची आणि कोणत्या बाजूला सरकवायची ते तुम्हाला नेमकं सांगते.